रंगरावांच्या हेडसेटचा ठराव

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. नाव मंदाकिनी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आवाज अजून शाबूत आहे आणि सहनशक्ती पार संपलेली आहे. आजवर मी गळके पाइप निस्तरलेत, पार्किंगवरून झालेल्या मारामाऱ्या सोडवल्यात, एकाच्या कुत्र्यावरून दोन सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले तेही पाहिलंय. पण एका माणसाने दुसऱ्यावर सूड उगवायचा, आणि त्यासाठी लागणारी वस्तू सोसायटीने रीतसर तीन कोटेशनं मागवून त्याच्या हातात ठेवायची, हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं.

सुरुवात श्रीनिवासरावांपासून झाली. दुसऱ्या मजल्यावर राहतात. एका मोठ्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते, आता निवृत्त. इस्त्रीचा झब्बा, पांढरी शुभ्र मिशी, आणि प्रत्येक सभेत माझ्या इतिवृत्तातल्या चुका काढायचा छंद. त्या दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर युद्ध पेटलंय."

"माझा नव्हे, सोसायटीचा मजला आहे तो," मी म्हटलं. "चपला बाहेर काढा आणि आत या."

ते आले नाहीत. दारातूनच सांगितलं. जेवण झाल्यापासून वरून गोळ्या सुटतायत, बॉम्ब फुटतायत, मध्येच हेलिकॉप्टर उतरतंय. घरातला पंखासुद्धा हादरतोय. "तो रंगराव टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळतो. या वयात! ठार बहिरा आहे तो माणूस, ठार बहिरा! त्याला म्हणावं, कानाला काहीतरी लाव आणि मग काय ती लढाई कर."

आता खरं सांगते, श्रीनिवासरावांची झोपमोड होते हे ऐकून मला मनातून गारगार वाटलं. पण पद म्हणजे पद. मी वर गेले.

रंगराव मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलगा सुदर्शन आणि सून उत्कर्षा, दोघंही आयटीत. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा उत्कर्षाने सासऱ्यांना आपला गेमचा कन्सोल खेळायला शिकवला, आणि मग ती कामाला लागली तरी सासरे काही थांबले नाहीत. मी गेले तेव्हा ते सोफ्यावर मांडी घालून, दोन्ही हातांत तो रिमोट धरून, दातओठ खाऊन गोळ्या झाडत होते. "मागं फिर रे भाड्या, मागं!" असं पडद्यावरच्या सैनिकाला ओरडत होते. आवाज असा की माझी कवळी वाजायला लागली.

दार उघडलं होतं त्यांच्या बायकोने, इंदुबाईंनी. बारीक चणीची बाई, आवाजही सुतासारखा बारीक. म्हणाल्या, "बगा ताई, बगा. मी मगाधरनं बोंबलायले, आवाज कमी करा, आवाज कमी करा. पालथ्या घड्यावर पानी. ह्यांना समदं ऐकू येतंय. सोंग हाय निस्तं."

मी रंगरावांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या शाळेतल्या आवाजात निरोप सांगितला. ठार बहिरा आहे, कानाला काहीतरी लाव, हेसुद्धा सांगितलं. पदरचं काही घातलं नाही आणि गाळलंही नाही.

रंगरावांनी टीव्ही बंद केला. माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. "काय म्हनले साहेब? बहिरा? त्यायच्या तोंडानं म्हनले?"

"हो."

"मग त्यायला म्हनावं, हेच चार मानसांत म्हना. आन का बहिरा झाला, ते बी सांगा. त्या दिवशी मी गेम बंद करतो. तवर न्हाई."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि ते ऐकताना माझ्याही अंगाचा तिळपापड झाला.

रंगराव मूळचे परभणीकडचे. तरुणपणी पोटामागे पुण्याला आले, वाघोलीत पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड केलं आणि नगर रस्त्यावरच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर लागले. हॅमर म्हणजे आपल्या घरातला हातोडा नव्हे. घराएवढं धूड असतं ते. लालबुंद लोखंडावर वरून घाव घालतं, आणि घाव पडला की बाजूच्या शेडमधल्या कपातला चहा सांडतो. तिथे आवाज काढून बोलण्यात अर्थच नसतो. हॅमरवाले नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. घरच्या गप्पा, थट्टा, शिव्या, साहेब आल्याची वर्दी, सगळं ओठांवर. कान गेल्याचं रंगरावांना लवकर कळलं नाही ते यामुळेच. सगळी शेडच मुक्याने बोलते, तिथे कमी कोणाला ऐकू येतंय हे कळायचं कसं?

शिवाय कान एकदम जात नाहीत. बारीक आवाज आधी जातात. हॅमरवरचे जोडीदार बाबुराव, त्यांचा घोगरा आवाज रंगरावांना यायचा आणि इंदुबाईंचा यायचा नाही. आता तुम्हीच सांगा, बाहेरून मित्राने हाक मारली की जो नवरा ताडकन उठतो, तोच बायकोने दळण आणायला सांगितलं की ढिम्म हलत नाही. कुठली बायको विश्वास ठेवेल? इंदुबाईंनी नाही ठेवला. तरी तेव्हा त्यांच्या मनात थोडी शंका होती. ती शंका श्रीनिवासरावांनी मिटवली.

हो, तेच ते. त्या कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर आमचे श्रीनिवासरावच होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या, या कारखान्यालाही परदेशी भागीदार मिळाला होता. भागीदारांची माणसं विचारायला लागली, हॅमरवरच्या लोकांचे कान तपासलेत का? युनियनने ते उचलून धरलं. पहिलं नाव रंगरावांचं होतं, कारण त्यांचा त्रास सगळ्यांत जास्त.

तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. हॅमर बंद, त्यांना झेंडूचे हार, हळदकुंकू, आणि कामगारांच्या बायकापोरांना आत यायला परवानगी. इंदुबाईही नवं लुगडं नेसून आल्या होत्या. पूजा झाली. रंगराव बाबुरावांसमोर उभे होते. श्रीनिवासराव पेढ्यांचं ताट घेऊन पाठीमागून आले आणि अगदी हळू, घरात देवाशी बोलावं तसं म्हणाले, "रंगराव, पेढा घ्या."

रंगराव वळले.

झालं! साहेबांनी सगळ्या शेडकडे पाहून हात वर केला. "बघा मंडळी, बहिऱ्याला पेढ्याचं बरं ऐकू येतं!" अख्खी शेड हसली, बायका हसल्या, पोरं हसली. इंदुबाईही हसल्या.

"मला ऐकू आलं न्हवतं, बाई," रंगराव मला म्हणाले. "माझ्या म्होरं बाबुराव हुता. त्यानं ओठ हालवले, मागं साहेब हायेत म्हनून. म्हनून मी वळलो. पन सांगू कोनाला? जो तो हसायला."

त्या दिवसापासून कारखान्यात त्यांचं नाव पडलं सोंगाड्या. कानाच्या तपासण्या बारगळल्या. पुढे स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली तेव्हा स्वेच्छा साहेबांची आणि निवृत्ती रंगरावांची. बाबुरावही पुढे वारले. ते सगळं रंगरावांनी पचवलं असतं. पण घरात बायको आयुष्यभर एकच वाक्य ऐकवत राहिली: पेढ्याचं बरं ऐकू येतं! मुलाच्या लग्नात, नातेवाइकांत, सांगितलेली भाजी आणायला ते विसरले तरी. उत्कर्षाने लग्नानंतर त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नसा गेल्यात, फार जुनं आहे. त्यावर इंदुबाई म्हणाल्या, म्हातारपणी कोनाचे कान ऱ्हायलेत? तवा तर धडधाकट हुते, मी ह्या डोळ्यांनी बगितलं. कानाचं मशीन घ्यायला मात्र रंगरावांनीच नकार दिला. साहेबांनी मला धडधाकट ठरवलंय, मी मशीन कामून लावू, म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नाही.

आणि अशा माणसाच्या मुलाने फ्लॅट कुठे घ्यावा, तर बरोबर साहेबांच्या डोक्यावर! लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा साहेबांनी ओळखलं नाही. नमस्कार करून विचारलं, आपण कुठले? रंगरावांनी सांगितलं, परभणीचा. आणि घरी येऊन सोफा सरकवून टीव्हीचे मोठे स्पीकर नेमके साहेबांच्या झोपायच्या खोलीवर येतील असे लावले.

"रंगराव," मी म्हटलं, "हे बरोबर नाही."

"न्हाई," ते म्हणाले. "बरोबर न्हाईच." आणि पुन्हा टीव्ही लावला.

मी खाली जाऊन श्रीनिवासरावांना रंगरावांचं म्हणणं कळवलं. कारखान्याचं नाव घेतल्यावर त्यांच्या मिशा जरा खाली आल्या. मग म्हणाले, "इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?"

"ज्याला लागतं तो," मी म्हटलं.

माफी वगैरे मागायला ते तयार नव्हते. त्यापेक्षा त्यांनी अध्यक्ष आप्पासाहेबांना गाठलं. आप्पासाहेब भला माणूस. कोणाचंच मन न मोडता सगळ्यांचं वाटोळं करतो. त्यांनी तोडगा काढला की सोसायटीनेच सांस्कृतिक निधीतून रंगरावांना एक हेडसेट भेट द्यावा. बिनतारी, म्हणजे म्हाताऱ्याच्या पायात वायर अडकायला नको. आणि स्वस्त, म्हणजे सभासद बोंबलायला नकोत. उत्कर्षा म्हणाली, "काकू, मीच घेते ना, विषय संपेल." पण सासऱ्यांनी तिला बजावलं होतं, घरात तसली वस्तू आणलीस तर गॅलरीतून खाली टाकीन. मात्र सोसायटी देणार असेल तर त्यांची ना नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं की म्हातारा काहीतरी शिजवतोय.

सोसायटीने साधा झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात. श्रीनिवासरावांनी स्वतः जबाबदारी घेतली. तपकीर गल्लीत गेले, तिथली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घातली, घासाघीस करून सगळ्यांत स्वस्त हेडफोन घेऊन आले. खोक्यावर वायरलेस लिहिलेलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. उत्कर्षाने खोकं उघडलं आणि मान हलवली. "काका, हा मोबाइलचा आहे. ब्लूटूथचा. कन्सोलला हा चालतच नाही. त्याच्यासोबत एक छोटा डोंगल यावा लागतो, अंगठ्याएवढा. तो कन्सोलला लावायचा, मग हेडसेट चालू होतो."

"वायरलेस म्हणजे वायरलेस!" साहेब म्हणाले. मुलीच्या जातीने आपल्याला शिकवायचं म्हणजे काय! ते स्वतः टीव्हीच्या मागे गुडघे टेकून बसले, आणि बटणं दाबत राहिले. रंगराव सोफ्यावरून बघत होते. मी त्यांचा चेहरा विसरणार नाही. लहान मुलाला जत्रेत पाळण्यात बसवल्यावर असतो तसा चेहरा. "हळू, साहेब," ते म्हणाले, "घाई न्हाई." मध्येच इंदुबाईंनी साहेबांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कामून तरास घेता? ह्यांना काय बी झालं न्हाई." तिचे ओठ वाचून रंगरावांचं हसू तिथेच मावळलं.

दुसऱ्यांदा साहेबांनी तडजोड म्हणून वायरचा आणला. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत वायर ताणली तर स्वयंपाकघराची वाट अडली, आणि पहिल्याच फेरीत इंदुबाई अडखळून पडता पडता वाचल्या. तो परत गेला. तोवर वरची लढाई चालूच होती, आणि खाली साहेबांच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

शेवटी उत्कर्षाने खुर्ची ओढून साहेबांना आणि आप्पासाहेबांना समोर बसवलं आणि शाळेत समजवावं तसं सांगितलं. डोंगलवाला पाहिजे, नाहीतर गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. कान पूर्ण झाकणाऱ्या गाद्या पाहिजेत, कारण बाबा आवाज मोठा ठेवणार. वजन कमी पाहिजे, नाहीतर मान दुखेल. माइक पाहिजे, कारण बाबा टीममध्ये खेळतात. रंगीत दिवे आणि थिएटरसारखा आवाज यांचे पैसे देऊ नका, ते आपल्याला लागत नाहीत. आणि चार्जिंग दिवसभर टिकायला हवं. बाबांचा हॅमरच्या बाजूचा कान जास्त गेलाय, तर दोन्हीकडे एकच आवाज यावा अशी सोय कन्सोलमध्येच असते, ती मी लावून देईन. साहेब निमूट ऐकत होते. हॅमरचा शब्द आला तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

तिसऱ्या कोटेशनचा हेडसेट उत्कर्षानेच आणला. महाग नव्हता, दिखाऊ नव्हता, काम करत होता. रंगरावांनी तो डोक्यावर चढवून पाहिला, मान डोलावली, उतरवून ठेवला आणि म्हणाले, "लई झ्याक. पन सोसायटी मला हे कामून देती?"

"भेट म्हणून," आप्पासाहेब म्हणाले.

"फुकटचं मी घेत न्हाई. कारन सांगा. आन हिशेब तपासनीस बी इचारंल की, कारन काय?"

हे मात्र खरं होतं. ठरावाशिवाय खर्च नाही आणि कारणाशिवाय ठराव नाही. ठरावाला एक सूचक लागतो, उभा राहून मांडणारा. रंगराव शांतपणे म्हणाले, "सूचक श्रीनिवास साहेब. त्यायनी वार्षिक सभेत उभं ऱ्हाऊन कारन सांगायचं. कागूद नको मला. तोंडानं."

साहेब तणतणत निघून गेले. पण वरचे स्पीकर मोठे होते आणि साहेबांची झोप उडून फार दिवस झाले होते. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला, मांडतो म्हणून.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. एरवी आमच्या सभेला गणपूर्ती होत नाही, त्या दिवशी उपम्याच्या डिश कमी पडल्या. रंगराव पहिल्या रांगेत. इंदुबाई बायकांत, माझ्या शेजारी.

श्रीनिवासराव उभे राहिले. हातातल्या कागदात डोकं घालून म्हणाले, "सभासदाचे वडील श्री. रंगराव यांना वयोमानानुसार ऐकू कमी येत असल्याने—"

"साहेब," रंगराव म्हणाले, "तोंड वर करा. मला दिसंना."

साहेबांनी मान वर केली. पुन्हा म्हणाले, वयोमानानुसार.

"वयानं न्हाई. हॅमरनं. कवापास्नं ते सांगा."

आप्पासाहेब "चला, चला, वेळ होतोय" म्हणायला लागले, त्यांना मी डोळे वटारून खाली बसवलं. साहेबांनी घसा खाकरला. "कारखान्यातल्या आवाजाचाही काही अंशी परिणाम असू शकेल, पण त्या काळात तसं काही सिद्ध झालं नव्हतं."

आणि त्याच वेळी माझ्या शेजारून इंदुबाई उठल्या. मला वाटलं, आता ही बाई साहेबांची कॉलर धरणार. कसलं काय! ती साहेबांच्या मदतीला उठली होती. "साहेब, तुम्ही कामून भेता ह्यांना? सांगा की खरं खरं. तवा ह्यांचे कान चांगले हुते. पेढा घ्या म्हनलं तुम्ही, आन हे वळले. मी हुते ना तिथं, मी बगितलं. उगं म्हाताऱ्याच्या हट्टापायी तुम्ही खोटं नका बोलू."

रंगरावांची पाठ तिच्याकडे होती. त्यांना यातलं अक्षरही कळलं नाही. ते साहेबांच्याच तोंडाकडे बघत होते.

साहेब मात्र तिच्याकडे बघत होते. सरळ पुढे म्हणायचं होतं, ऐका, यांच्या पत्नीच सांगतायत. सुटले असते. मी त्यांना ओळखते, दुसरी कुठलीही सभा असती तर सुटलेच असते. पण ती बाई इतक्या विश्वासाने त्यांची बाजू घेऊन उभी होती, की त्यांना ते झेपलं नाही. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "त्यांना ऐकू आलं नव्हतं. समोर तो बाबुराव होता. त्याने ओठ हलवले. मी पाहिले. हॅमरवाले तसंच बोलतात हे मला ठाऊक होतं, इतकी वर्षं मी तिथेच होतो. तो सांगणार आणि हे वळणार, हे धरूनच मी ताट घेऊन गेलो. एकाची केस मान्य केली तर सगळी शेड रांगेत उभी राहील, असं वरून सांगणं होतं. तुमचे मिस्टर खोटं बोलत नव्हते. मी बोललो."

इंदुबाई तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "पन मी हसले हुते."

"हो," साहेब म्हणाले. "सगळेच हसले."

रंगरावांनी एकच केलं. मान हलवली आणि म्हणाले, "बास. बसा आता, साहेब." आवाजात दया नव्हती, मायाही नव्हती. श्रीनिवासराव काही बोलायला पुढे आले तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आना ते यंत्र." मी हेडसेटचं खोकं त्यांच्या हातात दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. सभा संपल्यावर श्रीनिवासराव खुर्च्यांच्या गर्दीत एकटेच उभे होते, आणि एरवी त्यांना वाकून नमस्कार करणारी माणसं शेजारून निघून जात होती. मला मजा वाटली. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून वरून चूं की चां नाही. साहेबांना हवी होती ती शांतता मिळाली. ते आता सभेला येत नाहीत, बाकावर बसत नाहीत, माझ्या इतिवृत्तात चुका काढत नाहीत. जशास तसं झालं, असं मी उत्कर्षाला म्हटलं. ती पाठ फिरवून लिफ्टकडे गेली.

मग एक दिवस सकाळी इंदुबाई माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. पदराचं टोक हातात पिळत होत्या.

"ताई, ते कानावरचं सोसायटी परत घेईल का?"

"का हो? बिघडलं?"

"न्हाई, चांगलं हाय. पन ते सकाळी उठले की चढवतेत ते रात्री झोपतानाच काढतेत. गेम लावत न्हाईत, टीव्ही लावत न्हाईत. निस्ते चढवून बसतेत. म्हनलं, माझा आवाज बारीक, म्हनून मी बरूबर त्यायच्या म्होरं जाऊन बसते. ते ओठ वाचतेत ना? म्हनून हळू, नीट तोंड करून म्हनते, चुकलं माझं."

"मग?"

"मी तोंड उघडलं की डोळे मिटून घेतेत."